बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफलची घडण कशी पारखावी

एकाच काडतुसाच्या, साधारण सारख्याच लांबीच्या नळीच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या आणि त्यांतील एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट निघाली, की घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की जादा पैसा नेमका कुठे गेला आहे. त्यातला काही घडणीत गेलेला असतो, काही सजावटीत आणि काही नुसत्या नावात. हे तीन हिस्से वेगळे करता यावेत यासाठी मी एकच कसोटी हाताशी धरतो. कारखान्याने खर्च कुठे वाचवला आहे ते शोधायचे आणि ती बचत रायफलच्या मूळ कामाला बाधते का, ते पाहायचे. मूळ कामे चारच आहेत: काडतुसाचा दाब कोंडून धरणे, काडतूस आत नेऊन रिकामी पुंगळी खात्रीने बाहेर काढणे, चाप ओढल्यावरच आणि तेव्हाच उडणे, आणि गोळी दर वेळी त्याच जागी पाठवणे.

स्वस्त पद्धत आणि निष्काळजी काम यांत गल्लत करू नये. सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये आणलेले ११० हे मॉडेल याचे उत्तम उदाहरण आहे. निकोलस ब्रूअर यांच्या या रचनेत नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या पोलादी सांगाड्यात, एका मोठ्या नटाने आवळलेली असते. तो नट दिसायला ओबडधोबड असला, तरी त्याच्यामुळे कारागिराला गेज, म्हणजे ठराविक मापाचा धातूचा तुकडा, लावून काडतुसाच्या बैठकीचे अंतर, म्हणजे हेडस्पेस, अचूक साधता येते आणि त्यासाठी हाताने घासत बसावे लागत नाही. त्याच रायफलच्या बोल्टचे, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या पोलादी नळकांड्याचे, डोके किंचित सैल, हलते ठेवलेले असल्यामुळे दोन्ही लग, म्हणजे बोल्ट जागी अडकवून धरणारी पुढे आलेली टोके, आपोआप आपापल्या जागी टेकतात. खर्च वाचला आणि अचूकताही साधली. रूगर कंपनीचे १९६८ चे ७७ हे मॉडेलही असेच आहे. त्याचा रिसीव्हर ओतीव आहे आणि ओतकाम म्हणजे कमी दर्जा असे मानणाऱ्यांना तो रायफलीच्या मजबुतीने उत्तर देत आला आहे. याउलट विंचेस्टरच्या ७० या मॉडेलचे झाले. १९३६ साली आलेली ही रायफल १९६४ मध्ये स्वस्तात बनावी म्हणून बदलली गेली, पुंगळी पकडणारा लांब पंजा जाऊन बोल्टच्या तोंडात लहान एक्स्ट्रॅक्टर आला, दस्त्यावरची, म्हणजे रायफल धरायच्या आणि खांद्याला लावायच्या भागावरची, कोरीव जाळी जाऊन दाबून उठवलेली नक्षी आली, आणि शिकाऱ्यांनी तो बदल इतका नापसंत केला की १९६४ पूर्वीच्या रायफलींना आजही वेगळा भाव मिळतो. बदललेली रायफल कमकुवत नव्हती, हे मात्र तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

पाहणीला हात घालण्यापूर्वी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे नळीतील काडतुसाची जागा, डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. रायफल रिकामी आहे असे विकणाऱ्याने सांगितले असले तरीही हे करावे, आणि रायफल हातातून खाली ठेवून पुन्हा उचलली की पुन्हा करावे. रिकामा चाप ओढून पाहायचा असेल तर मालकाची परवानगी घ्यावी आणि चेंबरमध्ये सरावाचे निकामी काडतूस ठेवावे.

बोल्ट आणि त्याची बैठक

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण घडणीतील खरा फरक इथेच उघड होतो. अनेकजण बोल्ट मागे ओढून तो डावीउजवीकडे हलवून पाहतात आणि जास्त हलला तर रायफल ढिली ठरवतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. १८९८ च्या माउझर या जर्मन रायफलीचा बोल्ट पूर्ण मागे ओढला की बऱ्यापैकी डुलतो, कारण चिखल आणि धूळ खाऊनही तो चालला पाहिजे अशी त्याची रचना आहे. महत्त्वाचे असते ते बोल्ट बंद झाल्यावर तो किती घट्ट बसतो हे. बंद अवस्थेत दांडा धरून बोल्ट पुढेमागे आणि वरखाली हलवण्याचा प्रयत्न करावा; तिथे जाणवणारी हालचाल ही उघड्या बोल्टच्या डुलण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. डोके हलते ठेवलेल्या रचनेत थोडी सूट द्यावी लागते, एवढेच.

पुढचा प्रश्न असा, की बोल्टचे लग रिसीव्हरमधील आपल्या खोबणीला सारखे टेकतात का. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसाचा कमाल दाब युरोपीय सीआयपी मानकानुसार ४,१५० बार इतका असतो आणि तो सगळा भार या दोन किंवा तीन लगांवर येतो. एकच लग टेकत असेल तर दर गोळी झाडताना बोल्ट किंचित तिरपा होतो आणि त्याचा परिणाम नेमावर दिसतो. परीक्षा सोपी आहे. लगांच्या मागच्या पृष्ठभागावर मार्करने शाई लावावी, बोल्ट दहाबारा वेळा बंद करून उघडावा आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहावे. दोन्ही लगांवर निम्म्याहून अधिक पृष्ठभाग पुसलेला दिसला तर काम चांगले आहे असे समजावे. मात्र वरच्या लगवरची खूण थोडी फिकी आली तर लगेच दोष देऊ नये, कारण चापाची यंत्रणा ताणलेल्या अवस्थेत बोल्टचे मागचे टोक किंचित वर उचलते आणि त्यामुळे वरचा लग आपल्या बैठकीपासून जरासा सुटतो. वापरलेली रायफल असेल तर शाईचीही गरज नाही. लगांच्या मागची झिजेची चकाकी तीच हकिकत सांगते.

हेडस्पेस नजरेने कळत नाही, त्याला गेजच लागतात. ‘गो’ गेजवर बोल्ट सहज बंद झाला पाहिजे आणि ‘नो-गो’ गेजवर बंद होता कामा नये. या दोन गेजांतील फरक .३०८ साठी सुमारे ०.१ मिलिमीटर आहे. म्हणजे कारखान्याला किती बारकाईने काम करावे लागते, याची कल्पना येते. बोल्ट गेजवर बळाने दाबू नये, फक्त दांड्याच्या वजनाने आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने बंद होतो का, ते पाहावे.

आता बोल्टचा दांडा अगदी सावकाश वर उचलावा. दांडा वरच्या टोकाला पोहोचत असताना त्याचे मूळ रिसीव्हरच्या मागील उतारावर घासून बोल्ट थोडा मागे सरकला पाहिजे. गोळी झाडतानाच्या दाबाने चेंबरला चिकटलेली पुंगळी सुटते ती या छोट्याशा सरकण्याने. त्याला पहिली ओढ म्हणावे. १९६२ पासून बनणाऱ्या रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलींत दांडा वेगळा बनवून बोल्टला झाळून जोडलेला असतो. ही पद्धत स्वतःत वाईट नाही, पण झाळताना दांडा केसभर मागे बसला तर मूळ आणि उतार यांत फट राहते, पहिली ओढ कमी पडते आणि गरम दिवशी चिकटलेली पुंगळी काढायला दांड्यावर तळहाताचे फटके मारावे लागतात. म्हणून दांडा उचलताना बोल्ट मागे सरकतो हे डोळ्यांना स्पष्ट दिसले पाहिजे. माझ्या मते ही पाहणी सर्वांत कमी केली जाते आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते.

रिसीव्हर कसा बनला आहे हे जाणून घ्यावे, पण त्यावरच अडकून राहू नये. माउझरसारखा रिसीव्हर ठोकून घडवलेल्या तुकड्यातून कातला जातो आणि गोळी सुटतानाचा धक्का दस्त्यात पेलणारा लग (हा बोल्टच्या लगांहून वेगळा) त्याच्याच अंगाचा असतो. गोल पोलादी कांबीपासून लेथवर केलेल्या रिसीव्हरमध्ये हा लग बहुधा वेगळ्या जाड चकतीच्या रूपात नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये दाबून बसवतात. दुसऱ्या पद्धतीत चकती सरळ बसली आहे ना, एवढे पाहावे. टिक्का टी३ या रायफलीत हा लग अ‍ॅल्युमिनियमचा होता आणि दस्त्यात बसवलेला होता. २०१६ च्या टी३एक्समध्ये कंपनीने तो पोलादी केला. त्याच रायफलीत सर्व काडतुसांसाठी एकाच लांबीचा रिसीव्हर वापरून, मॅगझिन आणि चापाची चौकट प्लॅस्टिकची करून पैसा वाचवला आणि तो नळीत घातला. खर्च कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये हे कारखान्याला कळले असेल तर रायफल अशी होते.

दुर्बिणीच्या बैठकीची भोके हा दुर्लक्षित मुद्दा आहे. रिसीव्हरवरची चार भोके नळीच्या रेषेत नसली तर दुर्बीण तिरपी बसते आणि नेम जुळवताना तो डावीउजवीकडे सरकवणारी चकती जवळजवळ शेवटापर्यंत फिरवावी लागते. अक्रोडाच्या देखण्या लाकडाची एक महाग रायफल मी तिच्या दस्त्यावर भुलून घेतली होती आणि तिच्यात नेमका हाच दोष निघाला. बैठकीची सरळ पट्टी लावून मागून नळीच्या तोंडाकडे पाहिले की हा वाकडेपणा बराचसा दिसतो.

नळी

नळीत पिळाच्या खाचा पाडण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. एकेक खाच हत्याराने कापून काढणे, कठीण धातूची गुंडी नळीतून ओढून खाचा उठवणे, आणि नळीत खाचांचा उलटा साचा घालून बाहेरून हातोड्यांनी थंड धातू ठोकणे. पहिली पद्धत हळू आणि महाग, दुसरी जलद आणि सर्वत्र आढळणारी, तिसऱ्या पद्धतीला प्रचंड यंत्र लागते पण नंतर प्रत्येक नळी स्वस्त पडते. ठोकण्याचे तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत विकसित झाले. ऑस्ट्रियाच्या स्टायर रायफलींच्या नळीवर हातोड्यांच्या पिळदार खुणा मुद्दाम तशाच ठेवलेल्या दिसतात. या तिन्ही पद्धतींनी उत्कृष्ट आणि टाकाऊ अशा दोन्ही नळ्या निघू शकतात. गुंडी ओढण्याने आणि ठोकण्याने धातूत ताण उरतो, तो उष्णता देऊन काढावा लागतो. हे काम टाळले तर नळी तापली की गोळ्या एका दिशेने सरकू लागतात. नळीची पद्धत विचारण्यापेक्षा ताण काढला आहे का, हे विचारावे, आणि तेही कळले नाही तर निशाणावर पाहावे, जे पुढे सांगितले आहे.

प्रकाशाकडे धरून नळीतून पाहिले असता आत गोल गोल कडी दिसतात. ती एकमेकांत समकेंद्री असली तर नळी सरळ आहे. एका बाजूला झुकलेली दिसली तर आतले भोक वाकलेले आहे. त्यानंतर सफाईच्या सळईला घट्ट बसेल असे चिंध्यांचे तुकडे लावून ती चेंबरकडून तोंडाकडे हळू ढकलावी. हाताला सगळीकडे सारखा अडथळा जाणवावा. एखादी जागा सैल लागली तर चिंता करावी, आणि ती तोंडाजवळ असली तर जास्तच, कारण गोळी बाहेर पडताना तिला शेवटची पकड तिथे मिळते. तोंडाकडे किंचित घट्ट होत जाणारी नळी मात्र चांगली समजावी.

आतून पाहण्याचा छोटा कॅमेरा आता सहज मिळतो. त्याने मोठे दोष नक्की दिसतात: चेंबर कोरताना थरथरलेल्या हत्याराच्या लाटा, खाचा सुरू होतात तिथे एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड झालेला घसा, भोक पाडताना राहिलेले आडवे ओरखडे. पण कॅमेरा प्रत्येक क्षुल्लक रेष डोंगरासारखी दाखवतो आणि अनेक उत्तम नेम देणाऱ्या नळ्या आतून फारशा सुंदर नसतात. घसा एकतर्फी आहे का, एवढेच मी त्यात आवर्जून पाहतो. आडवे ओरखडे असलेल्या नळीत गोळीचे तांबे लवकर साचते आणि सफाई कष्टाची होते; तो त्रास आहे, पण तेवढ्याने रायफल बाद होत नाही.

नळीच्या तोंडाची कड बारकाईने पाहावी. कापसाची काडी आतून बाहेर फिरवली आणि कुठे तंतू अडकले, तर तिथे धातूची कूस राहिली आहे. या कडेवर एका बाजूला इजा असेल तर गोळीमागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी डगमगते. सुदैवाने हा दोष लेथवर थोड्या वेळात दुरुस्त होतो, म्हणून किंमत ठरवताना त्याचा उपयोग करावा, नकाराचे कारण म्हणून नव्हे. एखादी झाडलेली पुंगळी मिळाली तर तीही पाहावी: एका बाजूला फुगलेली पुंगळी चेंबर तिरपे कोरल्याचे सांगते.

चाप, खटका आणि मॅगझिन

चापाचे वजन शिकारीसाठी साधारण सव्वा ते पावणेदोन किलो असावे. मी वजनापेक्षा एकसारखेपणाला महत्त्व देतो. दहा वेळा ओढून वजन मोजावे आणि त्यांत फार फरक येऊ नये. चाप सरकत, खरखरत न जाता काच तुटल्यासारखा एकदम सुटला पाहिजे. यानंतरची परीक्षा सुरक्षेची आहे आणि ती कोणत्याही रायफलीत चुकवू नये. निकामी काडतूस आत ठेवून बोल्ट बंद करावा, खटका, म्हणजे गोळी चुकून सुटू न देणारी कळ, सुरक्षित स्थितीत लावावा, चाप जोरात ओढून सोडावा, आणि मग बोटाने चापाला न शिवता खटका काढावा. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, पडली तर ती रायफल दुरुस्तीशिवाय वापरू नये. नंतर खटका काढलेल्या स्थितीत बट, म्हणजे दस्त्याचे खांद्याला लागणारे टोक, रबराच्या चटईवर दोनचार वेळा आपटावा आणि बोल्ट जोराने बंद करून पाहावा. पिन पडता कामा नये. साच्यात धातूची भुकटी दाबून बनवलेले छोटे भाग चापात आता सर्रास असतात. त्यांना नावे ठेवण्याआधी या परीक्षा घ्याव्यात आणि निकाल त्यांवरच ठरवावा.

मॅगझिन पूर्ण भरून, निकामी काडतुसांनी, हळू आणि जोरात अशा दोन्ही प्रकारे शेवटच्या काडतुसापर्यंत चालवावे. अर्ध्यावर थांबून बोल्ट मागे घेतल्यास माउझर पद्धतीच्या पंजाने पकडलेले काडतूस सोबत मागे यायला हवे; ढकलून भरणाऱ्या रायफलीत ते तसे येत नाही, तो दोष नव्हे. मॅगझिनच्या ओठांच्या कडा तीक्ष्ण असतील तर पितळावर ओरखडे उमटतात, आणि तेवढे पाहणे पुरेसे आहे.

दस्ता

लाकडी दस्त्यात मनगटाच्या जागेवरून रेषा सरळ पुढे गेल्या पाहिजेत. तिथे त्या तिरप्या उतरल्या तर दस्ता एक दिवस तिथेच फुटतो. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या दस्त्यात पुढचा भाग पोकळ असतो. तो नळीबरोबर मुठीत धरून दाबावा, आणि तो नळीला टेकला तर रायफल टेकूवर ठेवल्यावर किंवा पट्टा ताणल्यावर नेम बदलेल हे समजून घ्यावे. कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून रिसीव्हरपर्यंत सरकली पाहिजे.

याहून महत्त्वाची आहे ती रिसीव्हरची दस्त्यातील बैठक. एक बोट नळी आणि दस्ता यांच्या सांध्यावर ठेवून पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा. बोटाला नळी उचलल्यासारखी जाणवली तर रिसीव्हर स्क्रूच्या जोराने वाकून बसला होता. चांगल्या बैठकीत हालचाल जवळजवळ जाणवतच नाही. स्क्रूंखाली धातूचे खांब घातलेले असले किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पूर्ण साचा असला तर लाकूड चेपण्याची भीती राहत नाही. स्क्रू पुन्हा आवळताना निर्मात्याने दिलेले बळ पाळावे. ते बहुधा ४ ते ७ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते.

बाह्य पॉलिशवर मी थोडाच वेळ देतो, पण एक गोष्ट पाहतो. स्क्रूच्या भोकांच्या कडा खोलगट झाल्या असतील, अक्षरे पुसट आणि ओढल्यासारखी दिसत असतील, सपाट पृष्ठभागावर लाटा असतील, तर पॉलिश करणाऱ्याने घाईत चाक फिरवले आहे. त्याच कारखान्यात न दिसणाऱ्या जागांचे काम कसे झाले असेल याचा तो अंदाज आहे, पुरावा नव्हे.

निशाणावर

शेवटी रायफल चालवूनच पाहावी लागते. १०० मीटरवर एक मिनिट कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजे २.९ सेंटिमीटर. तीन गोळ्यांचा एक सुंदर गट दाखवून कोणी खात्री देत असेल तर ती मानू नये, कारण तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. पाच गोळ्यांचे तीनचार गट पाहावेत आणि सगळे मोजावेत, वाईट गट वगळू नये. एकाच काडतुसाने नव्हे तर दोन-तीन वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्यांनी पाहावे, कारण एखादी निर्दोष नळीही विशिष्ट गोळीशी जुळत नाही. नंतर नळी थंड न होऊ देता दहा गोळ्या एकाच निशाणावर झाडाव्यात. गट थोडा रुंदावणे हे हलक्या शिकारी नळीचे स्वाभाविक लक्षण आहे, पण गोळ्या एकामागून एक एकाच दिशेने चालत गेल्या तर नळीत ताण उरला आहे किंवा ती तापून दस्त्याला टेकते आहे. कोणते ते कागदाची पट्टी लगेच सांगते.

आणि शिकारीच्या रायफलीसाठी सर्वांत निर्णायक कागद वेगळाच असतो. सात-आठ वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीतून, फक्त पहिली गोळी त्याच एका निशाणावर झाडावी, मग कागद जपून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच लावावा. मधल्या काळात रायफल दस्त्यातून काढून एकदा पुन्हा बसवावी, तिला सफाई द्यावी, एखाद्या दमट आणि एखाद्या कोरड्या दिवशीही गोळी झाडावी. त्या कागदावरची सगळी छिद्रे तळहाताखाली झाकली जात असतील, तर तिची नळी कशी बनली आणि दस्ता कशाचा आहे, हे मी पुन्हा विचारत नाही.